घाटातले सात तास

जिंतूर,
४ डिसेंबर

प्रिय धनू,

शरणार्थ. तुझे अप्पा दुकानातून जेवायला यायला अजून दीड तास आहे, तेवढ्यात जमेल तितकं लिहिते. दर शनिवारी आपण फोनवर बोलतोच, मग आईनं हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं म्हणशील. फोनवर मी आधी रडेन, मग तू रडशील आणि सांगायचं ते राहून जाईल. शिवाय आपल्या भिंतीला कान आहेत, आणि त्या कानांचं नाव चतुराबाई आहे. तेव्हा छोट्या अनूला सिद्धोधनकडे दे, बैस आणि सावकाश वाच. मध्येच फोन करायचा नाही. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तर मुळीच नाही.

आई संशयी आहे, हे तू लहानपणापासून म्हणत आलीस. आहेच मी. पण संशय येतो तेव्हा काहीतरी असतंच, यावर मी अजून ठाम आहे. तुझं आणि सिद्धोधनचं मला तू सांगायच्या वर्षभर आधी कळलं होतं. कसं, ते आज सांगते. रविवारी परभणीला जादा तास आहेत म्हणून जायचीस आणि घरी येताना चप्पल पुसून यायचीस. जादा तासाला जाणारी पोरगी चप्पल पुसते होय? वसमत रोडच्या बागेतली लाल माती होती ती. मी गप्प बसले, कारण मला वाटलं जाईल आपोआप. गेलं नाही, आणि आता म्हणते, बरं झालं गेलं नाही.

तर यंदा शिवरात्रीपासून माझा संशय तुझ्या अप्पांवर होता. हसू नकोस. अडुसष्ट वर्षांचा माणूस, भांड्यांचं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, व्यापारी मंडळाचा अध्यक्ष, गल्लीत कुणाचं भांडण झालं की बोलावणं बसवंतरावांना. यांच्यावर कसला संशय घ्यायचा, असं मलाही वाटायचं. पण आधी दार बंद झालं. तुला त्यांची पूजा आठवते ना? अंघोळ करून मधल्या खोलीत पाटावर बसायचं, गळ्यातली चांदीची डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल ठेवायचा आणि त्याच्याकडे टक लावून बसायचं. ही पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तापानं फणफणले तरी गोळी पूजेनंतर. तू चार वर्षांची असल्यापासून तांब्या घेऊन शेजारी उभी राहायचीस आणि त्यांचे डोळे वर झाले की पुढं करायचीस. तू गेल्यावर तांब्या मी ठेवते, पण उभी राहत नाही, मला कामं असतात. तर शिवरात्रीला श्रीशैलहून आले आणि दुसऱ्या दिवसापासून पूजेला बसताना दार लावून आतून कडी. विचारलं तर म्हणे आवाजानं ध्यान लागत नाही. चाळीस वर्षं माझा मिक्सर आणि तुम्हा बहीणभावंडांची भांडणं यात लागत होतं की ध्यान! आता घरात आवाज करायला उरलंय कोण? शिवकुमार आठ वाजता दुकानात जातो, सून मनिषा शाळेत शिकवायला जाते. मी एकटी काय आवाज करते?

मग हात दिसला. डाव्या मनगटाच्या वर चार लांब ओरखडे, खपली धरलेले. म्हणाले, पत्र्याचं पातेलं उतरवताना लागलं. चाळीस वर्षं पातेली उतरवणारा माणूस, पातेल्याचा ओरखडा एक असतो, चार नसतात. मी हळद लावली आणि गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे.

आपल्या घरचं श्रीशैलला जाणं वर्षातून एकदाच, शिवरात्रीला. तुझ्या आजोबांपासून तसंच. हे जेठात परत निघाले. कशाला, तर नवस आहे. कसला नवस, तर देवाचा आणि माझा. श्रावणात तिसऱ्यांदा. आणि प्रत्येक वेळी निघताना दोन डझन केळी आणि दोन किलो फुटाणे. प्रवासात चहासुद्धा न पिणारा माणूस! चतुराबाईनं ती केळी गाडीत ठेवताना बघितली आणि त्याच दुपारी शेवया वाळत घालायला म्हणून आमच्या गच्चीवर आली. म्हणाली, 'वैनी, राग मानू नका, पण इतकी केळी म्हातारं माणूस खात न्हाई. लेकरू हाय कुठंतरी.' मी तिला काढून दिलं, पण ते वाक्य काही गेलं नाही. रात्रंदिवस डोक्यात तेच.

मग लिंबाजीला धरलं. लिंबाजी तुला आठवेल, तुझ्या बारावीच्या परीक्षेला त्याचीच गाडी लावली होती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणत्या सावकाराची सून माहेरी का बसली, चारठाण्याला देवळाच्या वाटेवर कोण कुणाला भेटलं, सगळं जेवता जेवता सांगणार. त्याला भाकरी-ठेचा वाढला आणि विचारलं, श्रीशैलला काय काय केलं रे? तर म्हणाला दर्शन. मग? मग काय, आलो की माघारी. आणि अर्धी भाकर ताटात ठेवून उठला. लिंबाजीनं माझ्या हातचा ठेचा टाकून उठावं, यापेक्षा मोठा पुरावा मला नको होता.

तरी पुरावा मिळालाच. श्रावणात आल्यावर त्यांचा सदरा धुवायला घेतला, खिशात दोन चिठ्ठ्या. हैद्राबादवरून श्रीशैलला जाताना मधे ते मोठं जंगल लागतं, नल्लमलाचं, वाघाचं राखीव. तिथं शिरताना नाका आहे. रात्री नऊला फाटक बंद होतं ते सकाळी सहाला उघडतं. तिथली चिठ्ठी होती, गाडीचा नंबर आणि वेळ, सकाळी आठ दहा. दुसरी श्रीशैलच्या निवासातली, खोली घेतल्याची, संध्याकाळी पाच दहा. मी बोटांवर मोजलं. नऊ तास. शिवकुमारला सहज विचारल्यासारखं करून मोबाईलवर बघायला लावलं, तर नाक्यापासून देवळापर्यंत दोन तासांचा रस्ता. मीही तीनदा गेलेय त्या वाटेनं, सासूबाईंबरोबर. दोन्हीकडं नुसती झाडी, घाटाची वळणं, थांबू नका म्हणून पाट्या. मधे एखाददुसरं लहान गाव. मग सात तास हा माणूस त्या जंगलात करतो काय? कुणाकडं उतरतो? कुणासाठी केळी नेतो? चार ओरखडे कुणाच्या नखांचे? बघ, मी कुठवर गेले होते. लाज वाटते लिहिताना, पण लिहिते.

आता जे लिहायचंय ते याहून अवघड आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी माझी लुगड्यांची पेटी उघडली, डांबरगोळ्या बदलायला. माझ्या लग्नातला हिरवा शालू आहे ना, त्याच्या घडीत मी एक वस्तू ठेवली होती, ती नव्हती. सगळी पेटी उपसली. नव्हती. ती वस्तू म्हणजे तुझं लिंग, धनू.

तुला वाटत असेल ते पूर्णेच्या पाण्यात गेलं. चार वर्षांपूर्वी तू गेलीस त्या दिवशीचं तुला सगळं आठवत असणार, पण मला माझ्या बाजूचंही सांगू दे. 'हे गळ्यात घालून त्या घरात जायचं न्हाई' हे वाक्य तुझ्या अप्पांचं. तू उतरवून देवघरात ठेवलंस, तर तेच म्हणाले, जिनं लिंग उतरवलं ती मला मेली. म्हणजे घातलं तरी तूच गुन्हेगार, उतरवलं तरी तूच. आणि मग ते दुसरं वाक्य, जे सिद्धोधननं दारात उभं राहून ऐकलं, की त्या घरचं पाणी माझ्या घशाखाली जाणार नाही. त्यानं तुझी बॅग उचलली आणि मला नमस्कार करून गेला. तो नमस्कार मी विसरलेले नाही. तू गेल्यावर यांनी मला सांगितलं, ते नेऊन पूर्णेत सोड. मी दुपारी पदराखाली घेऊन बाहेर पडले, मैनाबाईच्या ओसरीवर दोन तास बसले आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, एसटीनं येलदरीला जाऊन सोडून आले. आणि पेटीत ठेवलं. कसं सोडणार होते गं? तू बारा दिवसांची असताना स्वामींनी तुझं लिंगधारण केलं, तेव्हा त्याला वस्त्र म्हणून मी याच शालूच्या पदराचं टोक कापलं होतं. लग्नातला शालू कापला म्हणून सासूबाईंनी मला आठवडाभर धारेवर धरलं होतं. ज्याचं लिंग त्याच्या अंगावर, आणि माणूस गेलं की मातीतही त्याच्या तळहातावर. ते नदीत सोडायला तू काही मेली नव्हतीस.

तर ते गेलं होतं. पेटीची किल्ली माझ्या कमरेला, पण दुसरी किल्ली यांच्या गल्ल्यात असते. मला कळून चुकलं. यांना माझा खोटेपणा कळला, यांनी ते काढून नेलं आणि श्रीशैलला पाताळगंगेत नेऊन टाकलं. नाहीतर त्याहून वाईट, त्या जंगलातल्या कुणाच्यातरी लेकराच्या गळ्यात बांधलं. पहिल्या संशयानं मला नुसता राग यायचा, या दुसऱ्या संशयानं मी रात्री उठून परत परत पेटी उपसायला लागले. आणि विचारणार कशी? विचारलं की माझंच खोटं उघडं. तीन महिने एका ताटलीतून लोणचं घेत आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो. मी यांच्यावर नजर ठेवून, आणि मला वाटायचं हेही माझ्यावर.

कार्तिकात परत निघाले. यावेळी मी आदल्या दिवशी पिशवी भरली आणि पहाटे लिंबाजीची गाडी लागली की त्यांच्या आधी जाऊन मागच्या सीटवर बसले. गुडघ्यांचं काय, म्हणाले. गुडघे घेऊनच येतेय, म्हटलं. गर्दी असते, म्हणाले. देवाकडं असतेच, म्हटलं. लिंबाजीनं आरशातून यांच्याकडं बघितलं, यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि गाडी निघाली. हैद्राबादला तुझ्या काकांकडं मुक्काम. चारशे किलोमीटरमध्ये आम्ही तिघं मिळून चाळीस वाक्यं बोललो नसू, त्यातली वीस माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर आलो, तर तिथला शिपाई यांना हात करून हसला, 'आ गए सेठ?' म्हणून. ओळखीचा! फाटक उघडलं आणि रस्ता आत शिरला. धनू, तू तो रस्ता लहानपणी झोपेत ओलांडलायस. पाऊस संपून महिनाच झालेला, दोन्हीकडं हिरवंगार, बांबूची बेटं रस्त्यावर वाकलेली, ऊन पानांतून गाळून खाली पडायचं. एका वळणावर दरी अशी उघडते की डोंगरामागं डोंगर, निळे होत होत लांब गेलेले. लोक पाट्यांना न जुमानता गाड्या थांबवून फोटो काढत होते. इतकी देखणी वाट, आणि मला तिच्यात सवत दिसत होती. प्रत्येक पायवाट मी बघत होते, कुठं झोपडी आहे का, कुठं लुगडं वाळत घातलंय का.

चढ संपून एक मोठं वळण येतं, तिथं कठड्याच्या आत थोडी सपाट जागा आहे, वर एक जुना वड आणि खाली दगडातून झिरपणारं पाणी. कुणी काही न सांगता लिंबाजीनं गाडी हळू केली आणि तिथं लावली. यांनी चपला गाडीत काढल्या, केळी आणि फुटाण्याची पिशवी घेतली, मला म्हणाले तू बसून राहा, आणि झाडीत उतरले. मी बसून राहणारी आहे का? दार उघडून उतरले, पण गुडघे. गाडीला धरून उभी राहिले. आणि बघते तर काय, वडावरून वीसेक माकडं खाली उतरली आणि यांच्याभोवती जमली. हे एकेकाला केळं द्यायचे आणि त्याच्या हाताकडं, तोंडाकडं, निरखून बघायचे. मग काठीनं पाला उलटा करत निघाले. बुंध्यांच्या ढोलीत हात घालून बघत होते, दगडांच्या फटीत बघत होते. अडुसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या धोतरात, चिखलात गुडघे टेकून! मला वाटलं, याला वेड लागलंय आणि मला घरात बसून कळलं नाही.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पिशवीत प्लास्टिक गोळा करत होती, तिथल्याच जंगलातल्या लोकांपैकी, अंगात वनखात्याचं जाकीट. मी तिला आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, या सेठची इथं कोणी बाई आहे का? ती एवढी हसली की तिचं पान खाली पडलं. मग माझं तोंड बघून हसायची थांबली आणि म्हणाली, 'बाई नै अम्मा. सेठ का देव बंदर लेके भाग गया. तब से ढूंड रैं उनो.' मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी गाडीत जाऊन बसले.

तासाभरानं हे परत आले, हात धुतले आणि झिरपणाऱ्या पाण्याजवळ त्या दगडावर बसले. मी लिंबाजीचा हात धरून तिथवर गेले. लिंबाजी म्हणाला, 'अक्का, मला शपथ घातली होती, माझा इलाज नव्हता,' आणि रडायलाच लागला बिचारा. मग यांनी सांगितलं. शिवरात्रीला तिथं एक ट्रक आडवा झाला होता, दोन तास रस्ता बंद. सकाळी हैद्राबादहून घाईत निघालेले, पूजा राहिलेली. बारा वाजायला आले, घसा कोरडा पडलेला, गाडीत पाण्याच्या चार बाटल्या, पण पूजेशिवाय पाणी कसं पिणार? लिंबाजी म्हणाला, एक दिवस नियम मोडला तर काय होतंय. हे म्हणाले, माझ्या बापानं मोडला नाही. इथं या दगडावर हात-तोंड धुऊन बसले, लिंग तळहातावर घेतलं, शेजारी नैवेद्याला केळं ठेवलं आणि टक लावली. माकडानं आधी केळं उचललं, मग तळहातावरचं ते काळं गोल जांभूळ समजून उचललं. यांनी मूठ धरली, त्यानं बोचकारलं आणि गेलं वर. चार ओरखडे. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती, धनू. नियम पाळता पाळताच गेलं ते.

मी म्हटलं, मग मठात जाऊन स्वामींना सांगायचं, विधी असतो, नवं देतात, किती लोकांची हरवतात. तर यांनी खाली मान घातली. म्हणाले, 'ज्या तोंडानं लेकीला मेली म्हणलं, त्या तोंडानं कसं सांगू, माझंबी गळ्यात न्हाई म्हणून?' वरून एक माकड केळ्याचं साल खाली टाकून आमच्याकडं बघत बसलं होतं. मग मला आठवलं आणि मी विचारलं, मग रोज दार लावून काय करता? या डबीत काय आहे? यांनी डबी मुठीत धरली. मग सदऱ्यात हात घातला आणि डबी उघडली. आत माझ्या हिरव्या शालूचं टोक.

ते म्हणाले, 'पूजा करत न्हाई मी. माझा हक्क न्हाई त्याच्यावर. हे तिचं हाय, मी निस्तं सांभाळायलोय.' रोज दार लावून ते तळहातावर घेतात आणि बसतात, एवढंच. मग पाणी पितात, पण चोरून पिल्यासारखं वाटतंय म्हणाले. मी विचारलं, पेटीत आहे हे कधी कळलं? तर म्हणे पहिल्याच दिवशी. 'तू येलदरीला एसटीनं गेले म्हणलीस. एसटीचा संप होता, नीलम्मा. आठ दिवस एक गाडी निघाली नव्हती स्टँडातनं.' बघ! मी इतकी संशयी बाई, आणि खोटं बोलताना संप माझ्या ध्यानात राहिला नाही. चार वर्षं हा माणूस माझं खोटं माहीत असून गप्प होता, त्याला ते खोटंच असायला हवं होतं म्हणून. मला त्यांचा राग आला, आणि तिथंच त्यांचे चिखलाचे गुडघे माझ्या पदरानं पुसले.

त्या दिवशी वनखात्याचा माणूस येऊन माकडांना खायला घातलं म्हणून ओरडून गेला. अध्यक्षसाहेबांनी कान धरून माफी मागितली. मी सांगितलं, आता इथं परत यायचं नाही, ते त्या डोंगराला दिलं असं समजा. देवळात जाऊन आलो. येताना स्वामींकडं मीच घेऊन गेले, बाहेर बसून राहिले. आत काय बोलले मला माहीत नाही, पण बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले होते. स्वामींनी सांगितलं, चुकलं ते चुकलं, नवं लिंग देतो, पण दुसऱ्याचं गळ्यात ठेवून नवं बांधता येणार नाही. जिचं आहे तिच्या हातावर आधी ठेवून या, आणि स्वतः जाऊन ठेवा. पोस्टानं नाही, बायकोच्या हाती नाही. तेव्हापासून महिना झाला, हे काही बोलत नव्हते. दुकानात जातात, येतात, दार आता उघडं ठेवतात. परवा मात्र कॅलेंडर काढून बसले आणि लिंबाजीला फोन केला.

तर पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, चौदा तारखेला, आम्ही वर्ध्याला येतोय. पहाटे निघू, अकरा-बाराला पोचू. तुझ्या दारात उभे राहून ते म्हणतील, इकडं भांड्यांचा घाऊक माल बघायला आलो होतो. तू हो म्हण. वर्ध्यात कसला माल, म्हणून विचारू नकोस, सिद्धोधनलाही सांगून ठेव. रडायचं नाही, जुनं काढायचं नाही, अनूला मांडीवर टाकायची घाई करायची नाही, ती आपली आपण जाईल. ते बसतील आणि सदऱ्यातली डबी चाचपत राहतील, तोंडातून शब्द फुटायचा नाही. तू समोर बैस आणि डावा तळहात पुढं कर, एवढंच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. ते पहाटेपासून पाण्याशिवाय असतील. तुझं तुला दिलं की त्यांच्यापाशी काहीच उरणार नाही, नवं मिळेल ते सोमवारी, आणि लिंग समोर असल्याशिवाय पाणी प्यायचं नाही हे अजून सुटलेलं नाही. म्हणून तळहात लगेच मिटू नकोस. उघडाच धर, बघू दे त्यांना हवं तेवढं. काल जेवताना मला विचारलं, 'वर्ध्याचं पाणी कसं असतंय गं, जड का हलकं?' मी म्हटलं, मला काय माहीत. पण धनू, माणूस असलं उगाच विचारत नाही. त्यांचे डोळे वर झाले की तांब्या लागेल. तो भरून सिद्धोधनच्या हातात ठेव.

तुझीच,
आई